रानकावळा आणि मरणटोपी

जंगलकाठची कुटी
३ ऑक्टोबर

स्वस्ति श्री. अखिल-आर्द्र-काष्ठ-विहारिणी, जीर्णपर्ण-साम्राज्य-सम्राज्ञी, बुरशीकुल-भूषणा, सूक्ष्मदर्शक-सिंहासनाधिष्ठिता, मातृगृह-कलह-प्रवीणा, वस्तुसंग्रहालयाच्या अळंबी-विभागाची एकमेव प्रमुख, एकमेव कर्मचारी व एकमेव चाहती, अशी माझी कनिष्ठ भगिनी चिमणी हिच्या चरणी (जे माझ्या चरणांहून एक माप मोठे असल्याने शोधण्याचे कष्ट पडत नाहीत) पक्षिविभाग-धुरंधर, पिसे-व-पेंढा-विशारद, सांप्रत भरपगारी रजेवर असलेल्या दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपले संचालक, ज्यांनी आयुष्याचा पूर्वार्ध हिशेबतपासणीत घालवून उत्तरार्धी निसर्गाकडे कृपादृष्टी वळवली, त्यांना एक कपाट कमी पडत आहे. तुझे दालन आणि माझे दालन यांच्यामधील काचेच्या कपाटात एक पक्षी व एक अळंबी शेजारी-शेजारी ठेवून त्यांची तुलना करणारा फलक आपण उभयतांनी लिहावा, अशी त्यांची आज्ञा तुलाही पोहोचली असेलच. माझा उमेदवार निश्चित आहे: निळपट्टा रानकावळा. तुझा तू कळव. पराभूत व्हायला कुणी तरी लागतेच.

माझ्या उमेदवाराचे गुणवर्णन ऐक. अंगाने तपकिरी, पंखावर निळी पट्टी, स्वभावाने दरोडेखोर. ससाण्याचा आवाज हुबेहूब काढून तो इतर पक्ष्यांची पंगत उठवतो आणि मग एकटाच पानावर बसतो. त्याच्या गळ्यात एक पिशवी असते. ओकवृक्षाची फळे तो एकामागून एक तीत टाकतो. पाहणाऱ्यास वाटावे, पठ्ठ्या जेवतो आहे. वस्तुतः ती वाहतूक चाललेली असते. पुढे तो ती फळे ठिकठिकाणी पुरतो, वरून पाला सारतो, आणि त्यांतली काही विसरतो. त्या विस्मरणाला आपण जंगल म्हणतो. सांग, तुझ्या कोणत्या बुरशीने एवढे विसरून दाखवले आहे?

इथे पंख दुखावलेला असा एक रानकावळा आमच्या ओसरीवर राहावयास आला आहे. त्याचे चालणे दरबारी असल्याने मी त्यास 'पंत' ही उपाधी दिली. तुझी वहिनी त्यास 'तुमचं ते ध्यान' म्हणते. हे नक्की कुणास उद्देशून, याचा उलगडा मी मागितलेला नाही. ती आपले जाड बुडाचे पातेले इथेही घेऊन आली आहे. माणसाने मुलगा सोबत न्यावा तसे ती ते नेते.

फोनची तार वादळात पडली असून पोस्टाची गाडी दिवसाआड येते. तेव्हा उत्तर शांतपणे लिही.

तुझा
दादा

*

अळंबी विभाग
६ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या पत्राचा पहिला परिच्छेद मी कपाटावर चिकटवला आहे. साफसफाईच्या बाई वाचून म्हणाल्या, "कुणाच्या लग्नाची पत्रिका?"

माझी उमेदवार मरणटोपी. घाबरू नकोस, फलकावर नाव बारीक अक्षरात लिहू.

तुझा पक्षी ओक लावतो ना? मग पुढे त्या ओकचं काय होतं, ते ऐक. मातीखाली मरणटोपीचे धागे त्याच्या मुळांना बिलगतात, त्याला पाणी आणि क्षार पोचवतात, आणि बदल्यात थोडी साखर घेतात. तुझा रानकावळा झाड लावून विसरतो. माझी ही झाड सांभाळते आणि विसरत नाही. एक बेजबाबदार बाप आणि एक कर्तव्यदक्ष आई. तुलना झाली, फलक झाला, सही कर.

आणि तुझ्या पक्ष्यासारखी ती कुणाची नक्कलही करत नाही. लोकच तिला साधी पांढरी अळंबी समजतात. दिसायला शालीन, फिकट हिरवट टोपी, कधीकधी पावसाने धुऊन अगदी पांढरी. चव उत्तम असते म्हणे. हे सांगणारे लोक फार काळ सांगत राहिले नाहीत, एवढंच. ओळखायची खूण एकच, पण ती मातीत लपलेली: देठाच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण. ते दिसलं की हात धुवायचे आणि घरी जायचं.

तिकडे काही उचलून तोंडात घालू नकोस. तुला बाजारात कोथिंबीर आणि गवत यांतला फरक कळत नाही, हे मी फलकावर लिहिणार नाही, पण मला माहीत आहे.

वहिनीला नमस्कार. पंतांना नाही.

चिमणी

*

कुटी
१० ऑक्टोबर, संध्याकाळ

विष-भय-प्रसारिणी, कोथिंबीर-परीक्षा-नियंत्रिके, भगिनी,

विजयवार्ता! आज प्रातःकाली ओकवृक्षाखाली श्वेत अळंब्यांचा एक सुंदर समुदाय दृष्टीस पडला. टोपी शुभ्र, देठ सरळ, आणि गंध किंचित मधासारखा. तुझे पत्र खिशात होतेच. हिरवट छटा? नाही. पिशवी? नाही. मी त्या कात्रीने, जमिनीलगत, एकेक करून अदबीने कापल्या. कारण मातीला धक्का लावू नये, हा आम्हा घरटी पाहणाऱ्यांचा कुलधर्म आहे. घरट्याखालची माती उकरणारा मनुष्य आमच्या बिरादरीतून बहिष्कृत होतो.

तरीही मी बेसावध नव्हतो. शास्त्रीय पुरावा हवा, म्हणून तुकडे करून पंतांसमोर ठेवले. पंतांनी मान तिरकी केली, मजकडे एकवार तुच्छतेने पाहिले, आणि एकामागून एक सगळे तुकडे गिळंकृत केले. सायंकाळपर्यंत ते ओसरीवर तोऱ्यात फिरत होते, माझ्या कोटावर चढत होते, तुझ्या वहिनीस ससाण्याच्या आवाजात दरडावत होते. याचा अर्थ उघड आहे. पक्षी हा अळंबीशास्त्रज्ञापेक्षा श्रेष्ठ अळंबीशास्त्रज्ञ ठरला. फलकाचे पहिले वाक्य मी आताच लिहून ठेवले आहे.

दुपारी त्या पातेल्यात लोण्यावर परतून भक्षण केल्या. चव, चिमणे, काय सांगू! एखाद्या सुसंस्कृत शत्रूसारखी. तुझ्या वहिनीने घास घेण्यास नकार दिला. "तुमच्या पाखराचं उष्टं मला नको," हे तिचे शब्द. थोर शास्त्रांचा उगम नेहमी असाच अवहेलनेत होतो.

तुझा, तृप्त
दादा

*

अळंबी विभाग
१२ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. हसू नकोस, आणि खाली ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

हे पत्र घेऊन आलेला आपला संग्रहालयाचा ड्रायव्हर आहे. त्याच्या गाडीत बस. आत्ता, आहे त्या कपड्यात. तुझ्यापासून सगळ्यांत जवळचं मोठं रुग्णालय गाव सोडून खाली उतरलं की आहे, त्याला रस्ता माहीत आहे. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, ते वाट पाहत आहेत. मी इथून औषध घेऊन निघते आहे. ते आपल्या शहरात एकाच ठिकाणी मिळतं, म्हणून तुझ्याकडे न येता थेट तिकडे येते.

पिशवी दिसली नाही, कारण तू कात्री जमिनीलगत चालवलीस. पिशवी जमिनीत राहिली. हिरवी छटा पावसाने धुतली, हे मीच तुला लिहिलं होतं. आणि पक्ष्याने खाल्लं म्हणून माणसाने खावं, हे कुठल्या पुस्तकात आहे? गोगलगायी ती चवीने खातात. ससे खातात.

आता नीट ऐक, मी लिहिते ते शांतपणे लिहिते आहे.

हे विष लगेच कळत नाही. जेवल्यावर माणूस झोपतो, आणि पहाटेच्या सुमाराला पोट ढवळतं. उलट्या, जुलाब, असं एक दिवस. मग सगळं थांबतं. माणसाला बरं वाटतं. तो उठून बसतो, चहा मागतो, घरचे देवाचे आभार मानतात. आणि त्याच वेळी आतमध्ये यकृत नासत असतं. तू दहाला दुपारी जेवलास. आज बारा. म्हणजे हे पत्र वाचताना तुला बहुधा बरं वाटत असेल.

दादा, बरं वाटत असेल तरच मला जास्त भीती आहे.

उरलेली एखादी अळंबी असली तर सोबत आण. नसली तर ते पातेलं आण, न धुता. खात्री झाल्याशिवाय डॉक्टर पुढचे उपचार करायला कचरतील.

वाद नको. फलकावर तुझा पक्षी पहिला. मोठ्या अक्षरात. वर सोनेरी चौकट. गाडीत बस.

चिमणी

*

कुटी
१२ ऑक्टोबर, दुपार

आरोग्य-आतंक-वादिनी, भगिनी,

तुझा दूत पोहोचला. गृहस्थ अत्यंत गंभीर असून ओसरीवर उभा आहे; चहासुद्धा घेत नाही. मी त्यास बसावयास सांगितले तर तो म्हणाला, "साहेब, ताई म्हणाल्यात, तुम्ही बसल्याशिवाय बसायचं नाही." गाडीत, असे त्याचे म्हणणे.

तुझा डाव मी ओळखला आहे. फलकावरील पराभव डोळ्यांसमोर दिसू लागताच प्रतिपक्षाला थेट रुग्णालयात नेऊन टाकण्याची ही युक्ती कल्पक आहे, हे मान्य करतो. सोनेरी चौकटीच्या लाचेचीही नोंद घेतली आहे.

वस्तुस्थिती अशी. अकराच्या पहाटे पोटाने बंड केले, ते दिवसभर चालले. परवाचे लोणी थोडे जुने होते. ते मी तुझ्या वहिनीस सांगितले नाही, कारण लोणी तिने आणले होते. आज मात्र मी पूर्ण ठणठणीत आहे. उठून बसलो, दाढी केली, चहा मागितला. तुझ्या भाकितातला चहा मी मागितला याने फक्त एवढेच सिद्ध होते, की तू तुझ्या भावाला ओळखतेस.

दूताला रिकामा परत पाठवीत आहे. तुझे पत्र मी पंतांच्या दाण्याच्या डब्याखाली ठेवले आहे, तुझ्या वहिनीच्या नजरेस पडू नये म्हणून. बाईमाणूस उगाच घाबरते. थोडी मळमळ आहे, ती तुझे पत्र वाचल्यामुळे. लेखणी जड वाटते, तीही त्यामु

चिमणे, मी वहिनी. पुढचं मी लिहितेय. ह्यांनी लेखणी टाकली आणि भिंतीला टेकले. दूत बाहेर रडकुंडीला आलेला. मी त्यालाच विचारलं, "काय रे, ताईंनी काय लिहिलंय?" तो म्हणाला, "पत्र साहेबांनी डब्याखाली सरकवलं." काढून वाचलं. मग मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. डोळे पिवळट दिसतायत गं. मला सकाळपासून वाटत होतं, पण म्हटलं, खिडकीतून ऊन येतंय.

"मी कुठेही येणार नाही, हा कट आहे" म्हणत होते. मी म्हटलं, "कट असेल तर कट, उठा." मी खांद्याला धरलं, दूताने पायांना. उचललं तर काही बोलले नाहीत. बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं. लग्नापासून आजवर ह्यांना गप्प बसलेलं मी पाहिलं नाही.

आता गाडीतच लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आहे. पातेलं घेतलंय, परवापासून पाणी घालून ठेवलं होतं, घासलं नव्हतं. झाकण घाईत राहिलं.

एक सांगायचंय. थंडी वाजते म्हणाले म्हणून कोट अंगावर घालायला घेतला, तर खिशात काहीतरी ओलं लागलं. हात घातला. अळंबीचे तुकडे. सगळे. एकावर एक नीट रचलेले आणि वर वाळका पाला दाबलेला. त्या ध्यानाने एकही तुकडा खाल्लेला नाही. गळ्यात भरून नेला आणि ह्यांच्या खिशात पुरून ठेवला.

मी ह्यांना दाखवलं. मग म्हणाले, "वाहतूक." एवढंच.

तुकडे रुमालात बांधलेत. एका तुकड्याला खाली पांढरं फाटकं काहीतरी चिकटलंय, बहुतेक एक कापताना ह्यांची कात्री थोडी खोल गेली. ते तुला हवंय ना? तू लवकर ये.

*

रुग्णालय, काचेच्या दाराबाहेरचा बाक
१३ ऑक्टोबर

दादा,

आत सोडत नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, चिठ्ठी देते, वाचता आली तर वाचतील. म्हणून लिहिते आहे.

रुमालातला तुकडा मी इथल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ती पिशवी होती. तीच आहे. मी आयुष्यभर जिची बाजू घेतली, तीच. डॉक्टरांनी त्यावर औषध लगेच सुरू केलं. ते म्हणाले, नुसत्या अंदाजावर त्यांनी उद्यापर्यंत वाट पाहिली असती.

म्हणजे तुझ्या पक्ष्याने खाल्लं असतं तर पातेल्यातल्या पाण्याशिवाय आपल्या हाती काही उरलं नसतं. त्याने लपवलं, म्हणून उरलं. हे मी फलकावर लिहायला तयार आहे. तू फक्त वाचायला ये.

वहिनी शेजारी बसली आहे. पातेलं मांडीवर धरून. तिला म्हटलं, खाली ठेव. म्हणाली, "कुणी उचलून नेलं तर?"

चिमणी

*

(चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर)

चिमणे, भीती वाटते. लिहीत राहा.

*

बाक
१५ ऑक्टोबर

दादा,

लिहिते आहे.

काय लिहू? डॉक्टर आज सकाळी काही बोलले नाहीत, नुसती मान हलवून गेले. वर-खाली की आडवी, यावर वहिनीचं आणि माझं भांडण झालं. ती म्हणते वर-खाली. मी आडवी पाहिली. मग दोघी रडलो आणि मग तिने मला बिस्कीट दिलं.

तुला तुलना हवी आहे ना. माझ्या टेबलासमोर मरणटोपीचं एक चित्र लावलेलं आहे, तुला माहीत आहे. मला ती देखणी वाटते. मी लोकांना सांगत आले, दोष तिचा नाही, ओळखणाऱ्याचा आहे. आज या बाकावर बसून ते वाक्य माझ्याच्याने पुन्हा म्हणवत नाही. ती वाईट नाही, हे खरंच. तिला तू माहीत नाहीस. ती ओकला सांभाळत होती, आणि तू मध्ये आलास. पण हे सगळं कळून मला भीती कमी वाटत नाही.

तुझ्या रानकावळ्याचा मात्र मला आता राग येत नाही. तो लपवतो, ती लपते. तो मातीत ठेवतो, ती मातीतून वर येते. एकाच झाडाखाली दोघं आपापलं काम करतात, आणि दोघांपैकी कुणीही आपल्याला विचारलेलं नाही. हे फलकाचं वाक्य होईल का? फार जड झालं का? तू सांग. तूच जड लिहितोस.

काचेतून तुझा हात दिसतो. बोटं हलली की वहिनी मला कोपराने ढोसते. आत्ता ढोसलं. आत्ता पुन्हा.

दादा, काहीतरी पांचट बोल.

चिमणी

*

घर, गादीवरून
२४ नोव्हेंबर

स्वस्ति. यकृत-पुनर्जन्म-साक्षिणी, बाक-तपस्विनी, औषध-आनयन-धुरंधरा, भगिनी,

उपाध्या आज थोडक्यात आवरतो. लांब वाक्याला अजून दम लागतो. तुझी चिठ्ठी मी आत वाचली होती. 'पांचट बोल' या आज्ञेचे पालन तेव्हा झाले नाही, कारण ओठ हलवले की नर्सबाई म्हणायच्या, "आजोबा, शांत पडा." आजोबा! माझे वय पाहता ही बदनामी विषापेक्षा हळू चढणारी आहे.

घरी आलो. डॉक्टर म्हणतात, यकृत सावरते आहे. 'सावरले' असे म्हणत नाहीत. मी त्यांच्या क्रियापदाकडे बारीक लक्ष ठेवून असतो. तुझी वहिनी रोज सकाळी माझी पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग खिडकीशी तपासते, आणि ती हात काढेपर्यंत मी श्वास रोखून धरतो. इतकी वर्षे मी पक्ष्यांना असेच हातात धरून तपासत आलो. ते का धडधडायचे, हे आता समजले.

अन्नाची भीती वाटते, चिमणे. ताटातल्या प्रत्येक गोष्टीकडे मी अशा नजरेने पाहतो, की तुझ्या वहिनीने काल वाटी आपटली. "भात आहे तो," ती म्हणाली. मला माहीत आहे, भात आहे. तरीही आधी तिला एक घास खाऊन दाखवावा लागला. मग मला स्वतःचीच लाज वाटली. कारण पंतांना मी हेच करायला लावले होते, आणि तेही न समजता.

पंत बरे आहेत. ड्रायव्हर त्यांना कुटीवरून घेऊन आला, सोबत घाईत राहिलेले झाकणही. पंख जुळला आहे, पण ते जात नाहीत. माझ्या खिशात काहीही ठेवताना आता मी आधी हात घालून पाहतो.

फलकाचा मजकूर मान्य. 'दोघांपैकी कुणीही आपल्याला विचारलेलं नाही' हे वाक्य शेवटी ठेव. जड नाही. त्याखाली माझे नाव बारीक अक्षरात, तुझे मोठ्या अक्षरात. संचालकांनी विचारले तर सांग, मी शुद्धीवर होतो. सोनेरी चौकट मात्र मी सोडलेली नाही.

आता एक गृहकलहाचा विषय, जो मी टाळत होतो. तुझ्या वहिनीचे जाड बुडाचे पातेले रुग्णालयातून तुझ्या प्रयोगशाळेत गेले, ते अद्याप तिथेच आहे. तू त्यावर चिठ्ठी चिकटवून ते 'नमुना' म्हणून कुलपात ठेवल्याचे समजले. ड्रायव्हर म्हणतो, संचालकांना ते त्याच कपाटात, पक्षी आणि अळंबी यांच्यामध्ये मांडायचे आहे. तुझी वहिनी म्हणते, घासले की काही होत नाही. तू म्हणतेस, त्यात पुन्हा अन्न शिजवायचे नाही. मी काहीच म्हणत नाही, कारण त्यात शिजवलेले खाणार मी आहे आणि न शिजवल्यास ऐकून घेणारही मीच. दरम्यान त्याचे झाकण इकडे घरी आहे. ते दुसऱ्या कोणत्याच भांड्यावर बसत नाही. आम्ही सगळी भांडी काढून पाहिली. रोज सकाळी डोळे तपासून झाल्यावर तुझी वहिनी ते झाकण माझ्यासमोर टेबलावर ठेवते, आणि त्याकडे बघत बसते.

काय करू, ते कळव.

दादा